उपद्रवी गोगलगायी: पुरायच्या की खाद्यात घालायच्या?

खाचरवाली

नमस्कार मंडळी,

उपद्रवी गोगलगायींचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो: संध्याकाळी वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा, खड्डा करून पुरा. एवढं सगळं वेचायचं आणि मातीत घालायचं, हे मला पहिल्यापासून खटकतं. अंगात प्रथिन आहे, कवचात चुना आहे. मग बदकं, कोंबड्या, डुकरं, मासे यांच्या खाद्यात ते का जाऊ नये?

वाचायला गेलं तर मजकूर दोनच तऱ्हेचा मिळतो. एकात गोगलगाय म्हणजे फुकटचं फिशमील (वाळवलेल्या मासळीची भुकटी). दुसऱ्यात गोगलगाय म्हणजे रोगाचं आगर, हातसुद्धा लावू नका. ज्यांनी जनावरं पाळली आहेत, तळी सांभाळली आहेत किंवा निदान हिशेब नीट येतो, अशांनी इथं लिहावं म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. भातखाचरातली सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे गोल्डन ॲपल स्नेल, शास्त्रीय नाव पोमेशिया कॅनालिक्युलाटा. मूळची दक्षिण अमेरिकेची. १९७९-८०च्या सुमारास ती तैवानला नेली ती माणसांनी खावी म्हणून! पाळायची, विकायची, निर्यात करायची असा बेत होता. लोकांना चव रुचली नाही, धंदा बसला आणि टाक्यांतल्या गोगलगायी ओढ्या-कालव्यांत गेल्या. तोवर जपान, फिलिपिन्स इथंही ती पोचली होती, पुढं व्हिएतनाम, थायलंड. २०२०मध्ये केनियातल्या म्वेआच्या भातक्षेत्रातही सापडली. लावणीनंतरचे पहिले तीनेक आठवडे रोप कोवळं असतं, तेव्हा ती बुडखाच कापते.

जमिनीवरची दुसरी म्हणजे आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. ती तर १८४७मध्येच मॉरिशसहून कलकत्त्याला आली. या दोघीही जगातल्या सर्वांत घातक १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत आहेत.

गोल्डन ॲपलच्या कवच काढलेल्या, वाळवलेल्या मांसात प्रथिन साधारण ५० ते ६० टक्के भरतं. सोयापेंडीत ४५च्या आसपास, चांगल्या फिशमीलमध्ये ६०-६५. आता बोला.

शंकासुर

म्हणजे आधी माणसांसाठी आणली, माणसांनी नाकारली, आता बदकांच्या गळी उतरवायची. बदकांना विचारलंय का कोणी?

(धागा छान आहे, वाचतोय.)

बदकराव

शंकासुर, बदकांना विचारायची गरजच नाही. फिलिपिन्समध्ये पातेरोसचा अंड्यांचा धंदा उभा राहिला तो पासिग नदी आणि लगुना दे बाय सरोवरातल्या छोट्या गोगलगायींवर. त्या तिथल्या मूळच्या, ही सोनेरी बया यायच्या कितीतरी आधीची गोष्ट.

बदक गोगलगाय कशी खातं ते बघण्यासारखं असतं. चोचीत धरतं, मान वर झटकतं, दोन-तीन झटक्यांत तोंड आतल्या बाजूला वळवून घेतं आणि अख्खी गिळतं. ती गोळी गळ्यातून खाली सरकताना बाहेरून दिसते. कवच फोडायचं काम पुढं पोटातले खडे करतात. पण हे बोराएवढ्या मालाचं. त्याहून मोठी असली की बदक उचलतं, टाकतं, पुन्हा उचलतं आणि शेवटी कंटाळून सोडून देतं. मोठ्या हातानं ठेचून द्याव्या लागतात. कोंबडीला तर लहानसुद्धा ठेचूनच द्या.

खाचरात सोडायचं तर वेळ सांभाळावी लागते. चिखलणीपासून लावणीपर्यंत सोडा, मग बाहेर काढा, रोप जोमदार झालं की पुन्हा सोडा. मधल्या काळात बदकं गोगलगायी खातील आणि रोपंही तुडवतील. आणि दाणा भरायला लागला की परत बाहेर, नाहीतर ओंब्याच खाऊन मोकळी.

माझं मत साधं आहे. ज्याच्याकडे बदकं आहेत त्याला गोगलगायीचं खाद्य बनवायची गरज नाही. बदक हेच यंत्र. वेचणं, ठेचणं, पचवणं, सगळं तेच करतं.

गुरांचाडॉक्टर

बदकरावांचं यंत्र चांगलं आहे, पण त्यात कच्चा माल कच्चाच जातो. मला तिथंच थांबावंसं वाटतं.

गोल्डन ॲपल आणि आफ्रिकन राक्षसी या दोन्ही गोगलगायींमध्ये उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या सापडतात. नाव अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस. प्रौढ कृमी उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो, अळ्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय ती लेंडी खाते आणि अळ्या तिच्या अंगात वाढतात. माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. २००६मध्ये बीजिंगला अर्धवट शिजवलेल्या गोल्डन ॲपल गोगलगायी खाऊन दीडशेच्या आसपास लोक आजारी पडले होते.

मुद्दा असा की धोका बदकापेक्षा बदक सांभाळणाऱ्याला जास्त. वेचणारा, ठेचणारा, ज्याच्या हाताला चिकटा लागतो तो. हातमोजे घाला, ठेचायचा दगड आणि पाटी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळी ठेवा, लहान पोरांना वेचायला लावू नका. निदान ३ ते ५ मिनिटं खळखळून उकळलं की अळ्या मरतात. डीप फ्रीझरमध्ये उणे १५ अंशाला २४ तास ठेवूनही मरतात. नुसतं मीठ, लिंबू, व्हिनेगर यांवर विसंबू नका.

बदकांत वेगळा प्रश्न आहे, आतड्यातल्या चपट्या कृमींचा. कच्च्या गोगलगायींवर वाढलेल्या बदकांत ते आढळतात. थोडे असले तर कळतही नाही, जास्त झाले की वजन भरत नाही आणि मालक खाद्याला दोष देत बसतो.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचा विषयच काढू नका. रवंथ करणाऱ्यांना प्राणिजन्य प्रथिन देण्यावर बऱ्याच देशांत बंदी आहे आणि त्यामागं मॅड काऊचा इतिहास आहे. शिवाय गोगलगायीच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं आणि मेंढीला जादा तांबं सोसत नाही.

खाचरवाली

डॉक्टर, धन्यवाद. म्हणजे उकळणं हा पर्याय नाही, अटच आहे. मूळ लेखात तसं लिहायला हवं.

हिशेबनीस

ताई, ५० ते ६० टक्के प्रथिन हा आकडा खरा आहे, पण तो वाळलेल्या मांसाचा आहे आणि आपण वेचतो ती ओली, कवचासकट. मधलं अंतर कागदावर मांडून बघू. खालचे आकडे ढोबळ धरलेत, कमी-जास्त करून घ्या.

१०० किलो जिवंत गोगलगायी. कवच, पोटातला चिखल, आतडी, चिकटा आणि सुटलेलं पाणी गेलं की साफ मांस २५ किलो धरू. त्यात ७८ टक्के पाणी. वाळवल्यावर उरलं साडेपाच किलो. त्यात ५५ टक्के प्रथिन म्हणजे ३ किलो.

३ किलो प्रथिन सोयापेंडीतून घ्यायचं तर पावणेसात किलो पेंड पुरते.

म्हणजे १०० किलो वेचून, उकळून, सोलून, वाळवून हातात आलं ते साधारण सात किलो पेंडीच्या मोलाचं. आता सोलण्याचा वेळ. एक गोगलगाय २० ग्रॅमची धरली तर १०० किलोत ५००० नग. उकळल्यावर टाचणीनं एक ओढून काढायला १० सेकंद लागले तरी ५०,००० सेकंद. जवळजवळ १४ तास. मान मोडून.

फुकटचं फिशमील म्हणणाऱ्यांनी हे १४ तास कोणाच्या खात्यावर टाकले, ते सांगावं.

शंकासुर

घरच्या बायकांच्या. आणखी कोणाच्या?

खाचरवाली

शंकासुर, हे मात्र अगदी बरोबर बोललात.

हिशेबनीस, तुमचं गणित मान्य. पण त्यात एक गोष्ट दोनदा मोजली जातेय असं वाटतं. वेचणं तर पीक वाचवण्यासाठी करावंच लागतं. खाद्य केलं नाही तरी वेचायच्याच आहेत. मग वेचण्याची मजुरी पिकाच्या खात्यावर आणि फक्त उकळणं-सोलणं खाद्याच्या खात्यावर, असं नको का? आणि सोलायच्याच कशाला? कवचासकट दळलं तर?

हिशेबनीस

मी वेचणं धरलंच नव्हतं, १४ तास नुसते सोलण्याचे आहेत. पण दुसरा प्रश्न चांगला आहे, तो मांडून बघू.

१०० किलोत कवच ३५ किलो धरा. उरलेल्या ६५मध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग १३ किलो. सगळं वाळवून दळलं की ४८ किलो भुकटी. प्रथिन साडेसहा किलो, म्हणजे १३-१४ टक्के. कवच जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, त्यातलं ४० टक्के कॅल्शियम. ३५ किलोत १४ किलो. म्हणजे भुकटीत कॅल्शियम २९ टक्के.

थोडक्यात हे प्रथिनाचं खाद्य नाहीच. थोडंसं प्रथिन लागलेला चुना आहे.

अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं. तिच्या खाद्यात ही भुकटी १० टक्के घातली की त्यातलं बरंचसं भागतं, शिवाय थोडं प्रथिन वरकड. शिंपल्याच्या चुऱ्याऐवजी उत्तम. मांसाच्या कोंबडीला मात्र एक टक्क्याच्या आसपासच कॅल्शियम पुरतं, तिला एवढं घातलं तर वाढच खुंटेल.

तळ्याकाठी

माशांच्या बाजूनं लिहितो. कवचासकटची भुकटी माशांना अजिबात नको. जादा कॅल्शियममुळे फॉस्फरस आणि जस्त अंगी लागत नाही, गोळी जड होते, पाण्यात पटकन बसते आणि तळाशी राख साचते.

सोललेलं मांस मात्र चांगलं चालतं. फिलिपिन्समध्ये सीफडेक या मत्स्यसंशोधन संस्थेनं १९९५च्या सुमारास टायगर कोळंबीच्या तळ्यांत गोल्डन ॲपलचं मांस, शिजवलेला कसावा (साबुदाण्याचा कंद) आणि मका असं खाद्य वापरून प्रयोग केले होते. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला गोगलगायीचं मांस घालायची पद्धत रुळलेली आहे. सर्वभक्षी आणि मांसाहारी मासे ते आवडीनं खातात. तिलापियाच्या खाद्यात फिशमीलची काही वाटणी त्यानं भागते. सगळं फिशमील काढून टाकायला जाऊ नका, मेथिओनीन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी पडतं.

काही मासे तर गोगलगायी जिवंतच फोडून खातात. सायप्रिनस (कॉमन कार्प) घशातल्या दातांनी लहान गोगलगायी चिरडतो. ब्लॅक कार्प हा तर त्यातला पैलवान, त्याचं मुख्य खाणंच ते. पण त्याच्याबद्दल हुरळून जाऊ नका. अमेरिकेत कॅटफिशच्या तळ्यांतल्या गोगलगायी कमी करायला ब्लॅक कार्प आणला, तो मिसिसिपीच्या खोऱ्यात सुटला आणि २००७मध्ये खुद्द त्यालाच घातक प्रजाती ठरवून आयातीवर बंदी घालावी लागली. नद्यांतले स्थानिक शिंपले खातो म्हणून.

गुरांचाडॉक्टर

तळ्याकाठी, तुमच्या कोळंबीच्या मुद्द्याला एक शेपूट जोडतो. मी वर लिहिलेल्या अळ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या अंगातही तग धरतात. तिथं त्यांची वाढ होत नाही, पण मरतही नाहीत. म्हणजे कच्ची गोगलगाय खाल्लेली कोळंबी कोणी अर्धकच्ची खाल्ली की साखळी पूर्ण. कोळंबीला घालायचं मांसही उकळूनच.

मुरघासवाला

सोलणं आणि वाळवणं टाळून आंबवायचा मार्ग कोणी काढला कसा नाही? गोगलगायी ढिगानं मिळतात त्या पावसाळी हवेत आणि नेमकं तेव्हाच ऊन नसतं. मासळीच्या टाकाऊ भागाचा करतात तसाच गोगलगायीचाही मुरघास होतो. लाओसमध्ये डुकरांवर याचे प्रयोग झालेत, फिशमीलऐवजी आंबवलेली गोल्डन ॲपल.

पद्धती दोन. एक, बारीक केलेल्या मालात वजनाच्या ३ ते साडेतीन टक्के फॉर्मिक आम्ल घालायचं, सामू (पीएच) ४च्या खाली गेला की सडणं थांबतं. दोन, मळी (मोलॅसिस) आणि कोंडा मिसळून हवाबंद पिंपात दाबून ठेवायचं, म्हणजे लॅक्टिक आम्ल आपोआप तयार होतं.

पण इथंच कवच आडवं येतं. एकदा ठेचलेल्या मालातून कवचाचे तुकडे नीट काढलेले नव्हते आणि तसंच आम्ल ओतलं गेलं. पिंपात फसफसून फेस वर आला, झाकणाच्या कडेनं ओघळायला लागला आणि सामू मोजायच्या कागदाचा रंग काही केल्या बदलेना. आम्ल ओतावं तेवढं चुना पिऊन टाकत होता. दुसऱ्या दिवशी पिंपाजवळ उभं राहवत नव्हतं. मळीच्या पद्धतीतही तेच, तयार होणाऱ्या आम्लाला कवच मारून टाकतं. तेव्हा मुरघास हवा असेल तर कवच गेलंच पाहिजे. त्याला सुटका नाही.

सोलण्यावर माझा उपाय: उकळून घ्या, गार पाण्यात टाका, मग पसरून लाकडी फळीनं हलक्या हातानं दाबा. दगडानं ठेचू नका, चुरा होतो. फळीखाली कवच मोठ्या तुकड्यांत फुटतं. मग मिठाच्या दाट पाण्यात ढवळलं की मांस वर राहतं, कवच तळाशी बसतं. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा खळखळून धुवायचं. हिशेबनीसांचे १४ तास बरेच खाली येतात.

आणि उकळण्याआधी दोन दिवस ओल्या पोत्यात उपाशी ठेवा, जाळीदार झाकण घट्ट लावून. पोटातला चिखल तेवढा कमी. झाकण सैल राहिलं तर सकाळी सगळ्या भिंतीवर.

बदकराव

मिठाचं पाणी म्हणता तर धुणं खरंच महत्त्वाचं. मिठात मारलेल्या गोगलगायी तशाच कोंबड्यांना घातल्या की विष्ठा पातळ होते, लिटर (खाली पसरलेला भुसा) ओला होतो आणि मग अमोनियाचा वास. कोंबडीला जास्त मीठ बाधतं.

नवशिक्या

माझा बाळबोध प्रश्न. त्या गुलाबी अंड्यांचे घोस काठ्यांवर, दगडांवर दिसतात. ती तर खरडून काढायला एकदम सोपी. प्रथिन अंड्यातही असणारच. ती घातली तर सोलायची कटकटच नाही?

गुरांचाडॉक्टर

नको! अजिबात नको. बरं झालं विचारलंत.

गोल्डन ॲपलची अंडी पाण्याच्या वर उघड्यावर असतात, दुरून दिसतील अशी भडक गुलाबी, आणि तरी त्यांना खाणारे प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण आतली प्रथिनं. एक प्रथिन पचनाच्या विकरांनाच अडवतं, म्हणजे खाल्लं तरी अंगी लागत नाही. दुसरं मज्जासंस्थेवर घातक परिणाम करतं. यातलं पहिलं उष्णतेला भलतंच चिवट आहे, पाणी उकळायच्या जवळपासच्या तापमानालाही टिकतं. त्यामुळे उकळून घालू असाही विचार करू नका.

अंडी खरडून पाण्यात पाडा आणि चिरडा. ती हवेत राहिली तरच नीट उबतात. मोठ्या मादीच्या पोटात अंड्यांची गुलाबी-केशरी ग्रंथी दिसते, सोलताना तीही काढून टाका.

रानवेडी

मी सगळं वाचून मुद्दाम उशिरा लिहितेय. तंत्राबद्दल तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जाणकार. मला भीती वेगळीच वाटते. एखादी कीड विकली जायला लागली की ती कीड राहत नाही, माल होते. आणि माल संपावा असं कोणाला वाटतं?

१९०२मध्ये हनोईत फ्रेंच सरकारनं उंदीर मारायला बक्षीस लावलं, पुरावा म्हणून नुसती शेपटी आणायची. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसायला लागले, लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, पिल्लं व्हावीत म्हणून. पुढं तर शहराबाहेर उंदीर पाळायला सुरुवात झाली. गोगलगायीचं खाद्य विकत घेणारा कारखाना उभा राहिला तर त्याला वर्षभर माल लागणार. जिथं गोगलगाय नाही तिथल्या तळ्यात कोणीतरी बादलीभर नेऊन सोडणार. खाचरवालींनी सांगितलेली तैवानची गोष्टच पुन्हा घडणार, फक्त यावेळी गिऱ्हाईक बदक.

जिवंत शत्रू आणून सोडायचा मार्ग तर त्याहून वाईट. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय खायला म्हणून १९५५मध्ये हवाईत आणि १९७७मध्ये मोओरिआ बेटावर एक शिकारी गोगलगाय सोडली, युग्लँडिना नावाची. तिनं राक्षसीकडे फारसं लक्ष दिलं नाही. बेटावरच्या पार्ट्युला नावाच्या इवल्या झाडगोगलगायी मात्र दहा-बारा वर्षांत रानातून पुसून टाकल्या. ज्या वाचल्या त्या बहुतेक प्राणिसंग्रहालयात नेलेल्या.

हिशेबनीस

रानवेडी, भीती खरी आहे, पण माझंच गणित तुमच्या बाजूनं उभं आहे बघा. १०० किलोतून सात किलो पेंडीएवढं मिळत असेल तर कारखाना उभा राहतोच कशाला? त्या हिशेबात कोणी मुद्दाम पाळणार नाही.

रानवेडी

तैवानमध्येही हिशेब बसत नव्हता की. तो बसत नाही हे कळेपर्यंत गोगलगायी कालव्यात गेल्या होत्या. हिशेब चुकण्याची किंमत धंदा करणाऱ्यानं मोजली नाही, भातवाल्यांनी मोजली.

खाचरवाली

यावर मला थांबावं लागलं. मी कारखान्याचा विचार करत नव्हते, पण धाग्याचं शीर्षक वाचून कोणीतरी करेल, हे खरं.

मला एक विचारायचंय. वेचण्यानं गोगलगायी खरंच कमी होतात का? की आपण वेचतोय तेवढ्या मागून येतातच?

रानवेडी

सहसा येतातच. आफ्रिकन राक्षसी वर्षाला हजारभर अंडी घालू शकते. गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात. त्यामुळे सोयीनं, मोठ्या मोठ्या तेवढ्या वेचल्या तर पीक त्या हंगामापुरतं वाचतं, संख्या तिथंच. खाद्यासाठी वेचणारा नेमका मोठ्याच वेचणार, सोलायला बऱ्या पडतात म्हणून.

समूळ काढायचं असेल तर ते वेगळंच काम. १९६६मध्ये एका मुलानं हवाईहून तीन राक्षसी गोगलगायी मायामीला आणल्या, त्या बागेत सोडल्या गेल्या. त्यांची पुढची पैदास संपवायला १९७५ उजाडलं. १८,००० हून जास्त गोगलगायी आणि सुमारे १० लाख डॉलर. तिथं ध्येय एकच होतं, शेवटची गोगलगाय. खाद्यवाल्याचं ध्येय ते असूच शकत नाही, शेवटच्या १०० गोगलगायी शोधायला जेवढे कष्ट पडतात तेवढ्यांत त्याचं पोट भरत नाही.

खाचरवाली

पटलं. मग माझ्यापुरतं मी असं धरते. पीक वाचवायला वेचायच्या आहेतच, लहान-मोठ्या सगळ्या, अंडीसुद्धा. वेचलेल्यांपैकी जेवढं त्या दिवशी उकळून होईल तेवढं घरच्या पक्ष्यांना, बाकी ठेचून खड्ड्यात. जिवंत गोगलगाय आवाराबाहेर न्यायची नाही, विकायची तर मुळीच नाही.

तळ्याकाठी

जिवंत न नेण्याचा नियम काही ठिकाणी कायदाच आहे. स्पेनच्या एब्रो नदीच्या मुखाशी भातात पोमेशिया शिरल्यावर युरोपीय संघानं २०१२मध्ये पोमेशियाच्या सगळ्या जातींवर बंदी घातली.

गुरांचाडॉक्टर

एक राहिलं, आणि ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. ज्या शेतात गोगलगायीचं औषध टाकलंय तिथली एकही गोगलगाय खाद्यात जाता कामा नये. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या खाल्लेली गोगलगाय चिकटा सोडत वळवळत पडलेली असते, वेचायला अगदी सोपी, म्हणून मोह होतो. मेटाल्डिहाइड कुत्र्यांनाही मारतं. ग्रेट ब्रिटननं २०२२पासून उघड्यावर त्याचा वापर बंद केला तो पक्ष्या-प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळेच. निक्लोसामाइड हे गोगलगायींचं दुसरं औषध तर माशांचं सरळ विष. औषध की खाद्य, एका शेतात एकच.

सांडपाण्याच्या नाल्यातल्या, कारखान्यांच्या आसपासच्या गोगलगायीही नकोत. कॅडमियमसारखे धातू त्यांच्या अंगात साठत जातात.

नवशिक्या

आणि आपल्याला दिसतेय ती उपद्रवीच आहे हे ओळखायचं कसं? साध्या, निरुपद्रवी गोगलगायीही असतातच ना तळ्यात?

रानवेडी

असतात, आणि हा प्रश्न विचारणारे फार थोडे. आशियातल्या तळ्यांत पायला नावाच्या देशी गोगलगायी असतात, त्या गोल्डन ॲपलसारख्याच दिसतात. बऱ्याच ठिकाणी पोमेशियानं त्यांची जागा बळकावली आहे, वर आपण त्याच वेचून बदकांना घालायच्या म्हणजे दुहेरी मार.

सोपी खूण अंड्यांची. पाण्यावर काठीला गुलाबी घोस म्हणजे पोमेशिया. पायला पांढरट अंडी काठच्या ओल्या मातीत खळगा करून घालते. दुसरी खूण तोंडावरच्या झाकणाची. पोमेशियाचं झाकण नखासारखं, तपकिरी, थोडं लवतं. पायलाचं आतून चुन्याचं, टणक, पांढरं. नखानं टोचून बघा, लगेच कळतं.

शंकासुर

म्हणजे आधी झाकण वाजवून ओळख पटवायची, मग दोन दिवस उपवास, मग आंघोळ, मग उकळणे. माझं लग्न जमायला इतक्या चौकश्या झाल्या नव्हत्या.

खाचरवाली

:))

मुरघासवाले दादा, शेवटचं एक. उकळून सोललेलं मांस आहे, आम्ल मिळत नाही, ऊन नाही. मळी किती घालायची? आणि किती दिवसांनी वापरायला काढायचं?

मुरघासवाला

ताई, मांस निथळून घ्या, पाणी राहिलं तर काम बिघडतं. पाच भाग मांसाला एक भाग मळी आणि एक भाग भाताचा कोंडा, इथून सुरुवात करा. उकळल्यामुळे आंबवणारे जिवाणूही गेलेले असतात, म्हणून मांस गार झाल्यावर थोडं ताजं ताक किंवा आधीच्या पिंपातलं विरजण घाला. दाबून भरा, वर प्लॅस्टिक, वर वजन. हवा राहू देऊ नका.

दिवसांवर जाऊ नका, सामूच्या कागदावर जा. साडेचारच्या खाली आला आणि वास आंबट-गोड असला की काढायला हरकत नाही. कुजका वास आला, बुरशी दिसली किंवा वर फेस असला तर ते पिंप खड्ड्यात. फेस म्हणजे बहुतेक कवच राहिलंय.

काढलेलं त्याच दिवशी संपवा आणि उघडलेलं पिंप लगेच दाबून बंद करा. पहिल्यांदा देताना खाद्यात थोडंच मिसळा. बदकं लगेच खातात, कोंबड्या चार दिवस नखरे करतात.